मशीनने मांडलेला खाडा

«गेल्या महिन्यात माझे साडेतीन दिवसांचे पैसे कापले गेले. मी एका गोदामात पॅकिंगला आहे. दोन दिवस मशीनने माझा थंबच घेतला नाही. तिसऱ्या दिवशी माल जास्त होता म्हणून शिफ्ट संपल्यावरही दीड तास थांबले आणि दमून निघताना आउट पंच करायचं राहून गेलं. सिस्टीमने तो अख्खा दिवस गैरहजेरीत टाकला. चौथ्या दिवशी माझी निघायची वेळ कुणीतरी हाताने बदललेली दिसते, सुपरवायझरनेच असणार. हाफ डे लागलाय. एचआरमध्ये गेले तर म्हणाले, "सिस्टीममध्ये नाही म्हणजे नाही. दुरुस्तीची मुदत २५ तारखेपर्यंत होती. आणि पंच करायला विसरलात ही तुमची चूक." विसरले हे खरं आहे. मग ते पैसे गेलेच का? आणखी एक गोष्ट टोचते. दोन महिन्यांपूर्वी मी एक दिवस बिनपगारी रजेवर होते, तरी हजर दाखवून पूर्ण पगार आला. मी गप्प बसले. आता तक्रार केली तर ते उकरून काढतील का? नाव छापू नये.»

नाव छापत नाही. तुम्ही गाव लिहिलेलं नाही आणि देशही लिहिलेला नाही. कुणी ओळखू नये म्हणून घेतलेली ही काळजी मला पटते, पण त्यामुळे नेमकं कलम काढून तुमच्यापुढे ठेवता येत नाही. तरी या प्रश्नाचा गाभा देशोदेशी फारसा बदलत नाही, तेव्हा आधी तो सांगते आणि कायदा जिथे वेगळा वळतो तिथे तसं म्हणते.

पैसे गेलेले नाहीत. तुम्ही त्या दिवशी कामावर होतात आणि काम केलंत, तिथेच मजुरीचा हक्क तयार झाला. मशीनची नोंद हा त्या कामाचा एक पुरावा. पुरावा चुकला तर दुसरा पुरावा शोधायचा असतो, झालेलं काम न झालेलं होत नाही. "सिस्टीममध्ये नाही म्हणजे नाही" हे वाक्य ऐकायला कायद्यासारखं वाटतं, पण तो कायदा नाही. ते फक्त एका पडद्यावर काय दिसतंय त्याचं वर्णन आहे.

भारतात असाल तर हे फार स्पष्ट लिहिलेलं आहे. वेतन संहिता २०१९ मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात पगारातून काय काय कापता येतं याची ठरावीक यादी आहे आणि त्या यादीबाहेरचं काहीही कापता येत नाही. गैरहजेरीची कपात यादीत आहे. मात्र गैरहजेरी कशाला म्हणायचं? जिथे काम करायचं त्या जागेवर माणूस नसणं, याला. तुम्ही पॅकिंगच्या टेबलाशी उभ्या होतात. मशीनच्या दप्तरात तुमचं नाव नव्हतं, एवढंच.

आता "विसरलात ही तुमची चूक" या मुद्द्याकडे येते. पत्रात तुम्ही सगळ्यांत जास्त इथेच खचलेल्या दिसता. दोन वेगळ्या गोष्टींची इथे गाठ मारली जाते आहे. पंच न करणं ही शिस्तीची बाब. त्याबद्दल ते तुम्हाला बोलू शकतात, मेमो देऊ शकतात, वारंवार झालं तर नियमाप्रमाणे कारवाईही करू शकतात. पण केलेल्या कामाचा पगार रोखणं ही शिक्षा झाली, आणि शिक्षेला स्वतःचे नियम असतात. पुन्हा वेतन संहिताच घ्या. दंड कोणत्या चुकांसाठी होऊ शकतो ते आधी जाहीर करावं लागतं, कामगाराला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि एका पगाराच्या मुदतीतला एकूण दंड त्या पगाराच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. आता हिशोब करा. महिना ३० दिवसांचा धरला तर एक दिवसाचा पगार ३.३ टक्के होतो, २६ दिवसांचा धरला तर ३.८ टक्के. म्हणजे एका विसरलेल्या पंचासाठी पूर्ण दिवस कापणं हे दंड म्हणूनसुद्धा बसत नाही. म्हणूनच त्याला दंड न म्हणता "गैरहजेरी" म्हटलं जातं. शब्द बदलला की नियम चुकवता येतो असा समज असतो.

वेळेची नोंद ठेवणं हे मुळात कुणाचं काम? मालकाचं, आणि हे आजचं नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा अगदी पहिला करार १९१९ चा, कारखान्यात दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास ठरवणारा. जादा तासांची नोंद मालकाने ठेवायची हे त्यातच लिहिलेलं आहे. शंभर वर्षांनी, १४ मे २०१९ ला, युरोपीय संघाच्या न्यायालयाने एका स्पॅनिश कामगार संघटनेच्या दाव्यात सांगितलं की रोजचा कामाचा वेळ मोजणारी वस्तुनिष्ठ, भरवशाची आणि कामगाराला पाहता येईल अशी व्यवस्था मालकांनी उभारलीच पाहिजे, आणि तशी सक्ती सदस्य देशांनी करावी. तुमच्या बाबतीत "भरवशाची" या शब्दाला मोल आहे. दोन दिवस ज्या मशीनला तुमचं बोट ओळखता आलं नाही, ते त्या दोन दिवसांपुरतं तरी भरवशाचं नव्हतं.

नोंदच बिघडलेली असेल तर किती काम झालं हे ठरवायचं कसं, यावर मला सगळ्यांत आवडणारा निकाल अमेरिकेतला आहे, १९४६ चा. मिशिगनमध्ये माउंट क्लेमेन्सचा चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना होता. तिथे कार्ड पंच व्हायचं, पण पगाराची वेळ मोजायची तऱ्हा अशी: आत येताना पंचनंतरच्या पुढच्या पाव तासापासून, बाहेर जाताना पंचआधीच्या पाव तासापर्यंत. दोन्ही टोकांची मिनिटं मालकाच्या खिशात. कामगार कोर्टात गेले. त्यांच्याकडे मिनिटामिनिटाचा हिशोब कुठून असणार? सर्वोच्च न्यायालय म्हणालं की नोंद ठेवायची जबाबदारी मालकाची होती, ती त्याने नीट पाळली नसेल तर त्याची किंमत कामगाराने मोजायची नाही. आपण काम केलं आणि साधारण किती केलं याचा वाजवी अंदाज बांधता येईल इतका पुरावा कामगाराने द्यावा. मग तो अंदाज खोडून काढायचं ओझं मालकावर. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा करून कारखान्याच्या आवारातल्या चालण्याच्या वेळेबाबतचा भाग बराच आखडला, पण पुराव्याचं हे तत्त्व टिकलं, आणि २०१६ मध्ये मांस प्रक्रिया करणाऱ्या कामगारांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने त्याचाच आधार घेतला. भारतातल्या वेतन संहितेतही कमी पगार दिल्याची किंवा बेकायदा कपातीची मागणी दाखल झाली, की देणं दिलं हे सिद्ध करायचं ओझं मालकावरच टाकलेलं आहे.

हे एवढ्या लांबणीने सांगितलं, कारण तुम्ही एचआरच्या टेबलापुढे आरोपीसारख्या उभ्या राहिलात असं पत्रातून दिसतं. तिथे उत्तर द्यायचं होतं ते त्यांनी.

२५ तारखेचं काय? मी स्वतः अकरा वर्षं पगारविभागात काढली आहेत, त्यामुळे ही तारीख कशी जन्माला येते ते मला ठाऊक आहे. पगार वेळेत काढायचा तर हजेरी कुठेतरी गोठवावी लागते, म्हणून एक दिवस ठरतो. त्या तारखेनंतर आलेली दुरुस्ती पुढच्या पगारात फरक म्हणून जाते. बस, एवढाच तिचा अर्थ. ती तारीख पैसे कधी मिळणार हे ठरवते, मिळणार की नाही हे ठरवत नाही. आणि कबूल करायला लाज वाटते, पण कामगाराला चुकून जास्त गेलेले पैसे आम्ही पुढच्याच महिन्यात न चुकता वळते करायचो, तेव्हा २५ तारीख कुणालाच आठवायची नाही.

खरी मुदत कायद्यातली. भारतात वेतन संहितेखाली मागणी करायला ३ वर्षं मिळतात. काही देशांत मात्र हा काळ महिन्यांत मोजण्याइतका लहान असतो. तुम्ही जिथे आहात तिथली मुदत आधी विचारून घ्या, कारण "बघू, करू" या उत्तरांवर महिने सहज निघून जातात.

आता पुरावा. तुम्ही पॅकिंगला आहात हे तुमचं नशीब समजा. बहुतेक गोदामांत प्रत्येक पार्सल स्कॅन होतं, आणि स्कॅनर तुमच्या लॉगिनने चालू होतो. तसं असेल तर त्या चारही दिवशी तुम्ही पहिलं खोकं किती वाजता बंद केलं आणि शेवटचं किती वाजता, हे कंपनीच्याच दुसऱ्या सिस्टीममध्ये मिनिटासकट लिहिलेलं आहे. हजेरीची सिस्टीम म्हणते तुम्ही नव्हता आणि मालाची सिस्टीम म्हणते तुम्ही इतकी खोकी भरलीत. मग खोकी भरली कुणी? हा प्रश्न लेखी विचारला की बरेचदा प्रकरण तिथेच मिटतं. मात्र ती माहिती स्वतः उतरवून किंवा पडद्याचा फोटो काढून आणू नका. ग्राहकांची नावं-पत्ते त्यात असतात आणि नसती भानगड गळ्यात पडेल. तुमच्या लॉगिनची वेळ कंपनीने काढून द्यावी अशी मागणी करा. शिवाय गेटवरचं रजिस्टर, सुपरवायझरने त्या दिवशी पाठवलेले मेसेज, शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं "होय, या होत्या" असं दोन ओळींचं सही केलेलं निवेदन, हेही चालतं. फक्त ज्यांनी पाहिलं त्यांनाच लिहायला सांगा. मैत्रीखातर न पाहिलेल्या दिवसाचीही साक्ष कुणी दिली तर खऱ्या तीन दिवसांवरही संशय येतो. आणि यापुढे थंब लागला नाही तर दुसऱ्याचं कार्ड किंवा दुसऱ्याच्या हाताने पंच असलं काही करू नका. तिथे मात्र तुमची बाजू खरोखर पडते.

थंब का लागत नाही, हेही सांगून टाकते. पुठ्ठा हाताळणाऱ्यांच्या, सिमेंटात काम करणाऱ्यांच्या, दिवसभर साबणात हात असणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. कोरड्या हवेत आणखी त्रास. म्हणजे ज्या कामाने बोट झिजलं, त्याच कामाचा पगार झिजलेल्या बोटापायी कापायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशातलीच ही तऱ्हा. दुसऱ्या हाताचं एक बोट नोंदवून घ्या, आणि मशीनने नाकारलं तर त्याच मिनिटाला कुणाकडे सही करायची, कोणत्या वहीत, हे ठरवून मागा. कार्ड किंवा पिनची सोय असली तर उत्तमच.

चौथ्या दिवसाची गोष्ट निराळी आहे. तिथे मशीन चुकलेलं नाही, माणसाचा हात लागला आहे. कदाचित कारण साधं असेल. दुसऱ्या कुणाची वेळ दुरुस्त करताना तुमच्या नावावर बोट पडलं असेल. म्हणून आरोप करू नका, पण मोघमही राहू नका. हजेरीच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये नोंद कुणी, कधी बदलली आणि आधी काय होती याचा माग राहतो. तो मागा. तुमच्या नोंदीत तुम्हाला न कळवता बदल झाला असेल आणि कारण कुठेच लिहिलेलं नसेल, तर या सगळ्यात सर्वांत गंभीर बाब तीच आहे. वर बसलेल्यांनाही ते कळतं.

आणि तो दीड तास? पत्रात तुम्ही तो जाता जाता लिहिलात, मागितलासुद्धा नाही. जादा काम सांगितलं म्हणून केलंत, तर त्याचा मोबदला वेगळा. भारतात तो नेहमीच्या दराच्या दुप्पट. "ओटीला मंजुरी नव्हती" असं उत्तर येईल याची तयारी ठेवा. अमेरिकेतले नियम यावर छान बोलतात: मालकाला काम नको असेल तर ते होऊ न देणं ही व्यवस्थापनाची जबाबदारी, काम करू देऊन फळ घ्यायचं आणि पैसे द्यायचे नाहीत हे चालत नाही. थोडक्या मिनिटांनी काय होतं असंही कुणी म्हणेल. कॅलिफोर्नियात एका दुकानातला शिफ्ट सुपरवायझर आउट पंच करून मग दुकान बंद करायची कामं उरकायचा, रोज ४ ते १० मिनिटं. १७ महिन्यांत ते १२ तास ५० मिनिटं भरले. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही वेळ क्षुल्लक मानायला नकार दिला. तुमचा तर एका दिवसाचाच दीड तास आहे.

अर्ज लांब नको. असा काहीसा:

«माझ्या गेल्या महिन्याच्या पगारातून साडेतीन दिवसांची कपात झाली आहे. या चारही दिवशी मी कामावर हजर होते. (इथे चार तारखा, प्रत्येकीपुढे येण्या-जाण्याची वेळ आणि नोंद का चुकली ते एका ओळीत.) कृपया माझ्या स्कॅनर लॉगिनच्या वेळा, गेट रजिस्टर आणि सीसीटीव्ही चित्रण तपासून हजेरी दुरुस्त करावी, चौथ्या तारखेच्या नोंदीत झालेल्या बदलाचा तपशील मला द्यावा, आणि कापलेला पगार व दीड तासाचा जादा मोबदला पुढील पगारात फरक म्हणून द्यावा. पंच करायचं राहून गेलं ते एका दिवशी माझ्याकडून राहिलं, पुढे काळजी घेईन.»

शेवटचं वाक्य ठेवा. खरं आहे, आणि ते तुम्हीच आधी लिहिलंत की त्यांच्याकडे म्हणायला उरत नाही. मेलने पाठवा, किंवा कागद दिलात तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पगारविभागात टिकत नाही, माझ्या टेबलावरही टिकायचं नाही.

उरली ती दोन महिन्यांपूर्वीची जादा मिळालेली मजुरी. उकरून काढतील का? काढू शकतात. चुकून जास्त दिलेला पगार वळता करून घेणं भारतात आणि ब्रिटनमध्येही कायद्याला मान्य आहे, इतर अनेक ठिकाणीही आहे. एखादा वकील तुम्हाला सांगेल की त्यांनी विचारल्याशिवाय बोलू नका, हात दाखवून अवलक्षण कशाला? त्यातही तथ्य आहे. माझं मत तरी वेगळं आहे. त्याच दिवशी, पण वेगळ्या अर्जात, दोन ओळी लिहा: अमुक तारखेला मी बिनपगारी रजेवर होते, पगारपत्रकात हजर दाखवलं आहे, दुरुस्ती करावी. गप्प का बसले याची कहाणी लिहू नका, आणि "आजच लक्षात आलं" असं खोटंही लिहू नका. नोंदी चुकतात आणि त्या दोन्ही बाजूंनी दुरुस्त व्हाव्यात, ही तुमची भूमिका मग बोलण्यापुरती राहत नाही. शिवाय जी गोष्ट पुढे तुमच्यावर फेकली गेली असती ती तुम्हीच टेबलावर ठेवलेली असेल. एक मात्र बघा: त्यांनी ही वजावट आणि तुमचा फरक आपापसात मिटवून एकच आकडा दाखवायचा नाही. पगारपत्रकात येणं वेगळ्या ओळीत, जाणं वेगळ्या ओळीत. नाहीतर पुढच्या वर्षी तुम्हालाच कळणार नाही काय मिळालं ते.

दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर युनियन, नसेल तर स्थानिक कामगार कार्यालय. भारतात वेतन संहितेखालच्या प्राधिकाऱ्याकडे मागणी दाखल करता येते, युनियनलाही तुमच्या वतीने करता येते, आणि मूळ रकमेशिवाय तिच्या १० पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्या प्राधिकाऱ्याला आहे. मालकाविरुद्ध तक्रार केली हे नोकरीवरून काढायचं वाजवी कारण होऊ शकत नाही, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८२ च्या करारात आहे आणि अनेक देशांच्या कायद्यांतही. पण कायद्यात असणं आणि सुपरवायझरच्या मनात असणं यात अंतर असतं, हे मी तुम्हाला शिकवायला नको. म्हणून एकट्या जाऊ नका. तुमच्याच टेबलावर आणखी दोघी-तिघींचा थंब लागत नसणार. विचारून पाहा. चार अर्ज एकाच दिवशी गेले की प्रश्न तुमचा न राहता मशीनचा होतो.

आज रात्रीपासून एक छोटी वही ठेवा. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, मशीनने घेतलं की नाही. रोजच्या रोज, महिन्याच्या शेवटी बसून नव्हे, कारण एका दमात एकाच शाईने भरलेली वही कुणालाही ओळखू येते. आणि सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा अशी दोन ओळींची मेल उद्या सकाळीच टाका. ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि तुमचा पहिला दिवस कदाचित आत्ताच काठावर असेल. बाकीचा अर्ज सुट्टीच्या दिवशी सावकाश लिहिलात तरी चालेल.